रेमूच्या वाटचा पेला

सरकत्या पट्ट्यावरून आईची पर्स गेली, पपाची औषधांची पिशवी गेली, माझी बॅग गेली आणि शेवटी ती बाटली यंत्रात शिरली. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. आता पलीकडे कुणीतरी हात वर करील, ही कुणाची म्हणून विचारील, बाटली बाजूला काढून ठेवील आणि नाताळापासून माझ्या छातीवर बसलेला धोंडा एकदाचा उतरेल.

झालंही तसंच. पलीकडच्या सिक्युरिटीच्या बाईंनी बाटली उचलली. छातीवरच्या पट्टीवर सुर्वे असं नाव होतं. त्यांनी बूच न्याहाळलं, बाटली दिव्यासमोर धरली, मग लेबल वाचलं. लेबलावर सोनेरी अक्षरांत आईचं नाव, रेजिन, आणि खाली आईपपाच्या लग्नाची तारीख. हे सगळं माझ्या भावाचं, रेमंडचं काम. तो दोहाला असतो. आईपपाच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार म्हणून त्यानं मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणाऱ्या जहाजाची तिकिटं काढली होती, आईपपाची, स्वतःची आणि माझी. तिकिटांबरोबर जहाजाचे नियमही त्यानंच पाठवले. घरी केलेली दारू चालणार नाही, उघडलेली बाटली चालणार नाही. कारखान्यात बंद केलेली वाईनची बाटली तेवढी बरोबर नेता येईल. तो नियम वाचून मला इतकं बरं वाटलं होतं की त्या रविवारी मी चर्चमध्ये एक मेणबत्ती जास्तीची लावली.

पण रेमंड आला तो आईला खूश करण्याचा विडा उचलूनच. नाशिककडे त्याच्या एका मित्राचा वाईनचा छोटा कारखाना आहे. आईची घरची वाईन तिकडे नेऊन त्यानं नव्या बाटलीत भरून घेतली, यंत्रानं बूच मारून घेतलं, लेबल छापून चिकटवलं आणि परत आल्यावर ती बाटली आईच्या मांडीवर ठेवली. आई त्या लेबलावरून किती वेळ बोट फिरवत होती. मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्याले.

ती वाईन खारट होती, हे रेमंडला माहीत नव्हतं. आणि आईलाही.

आम्ही वसईकडचे. आमच्याकडे नाताळाला, लग्नाला, बाप्तिस्म्याला घरची वाईन लागतेच आणि आमच्या आळीत वाईन म्हटली की आईचीच. काळी द्राक्षं, साखर, यीस्ट, मूठभर गहू, रोज लाकडी पळीनं ढवळणं आणि शेवटी गाळून त्यात जळकी साखर घालून रंग आणणं. कृती सगळ्याच बायकांना येते. पण आईच्या हातची चव दुसऱ्या कुणाला जमली नाही, आणि गंमत अशी की ती चव आईनं स्वतः कित्येक वर्षांत घेतली नव्हती. रेमंड चार वर्षांचा असताना त्याला विषमज्वर झाला. डॉक्टरांनी हात टेकले. आईनं नवस बोलला की पोरगं उठून बसू दे, मी वाईन तोंडाला लावणार नाही. तिला वाईन फार आवडायची म्हणूनच तिनं ती सोडली. नाही तर काय, कारलं सोडून देव पावतो का, असं ती म्हणायची.

रेमंड उठून बसला. आईनं वाईन करायचं सोडलं नाही, चाखायचं सोडलं. बरणी उघडली की पहिला पेला ती पपाच्या हातात द्यायची आणि समोर उभी राहून त्याचा चेहरा बघायची. आधी कपाळ, मग ओठ, मग गळ्याची घाटी. पपानं शब्द काढायच्या आत ती सांगायची, अजून आठ दिवस हवेत, किंवा यंदा द्राक्षं आंबट निघाली. चाळीस-एक वर्षं तिनं वाईन अशी आमच्या चेहऱ्यांवरून चाखली आणि कधी चुकली नाही.

मग ती विसरायला लागली. गॅसवर दूध ठेवून वाडीत जायची, शेजारणीला तीच गोष्ट लागोपाठ दोनदा सांगायची. माझं सासर त्याच आळीत, म्हणून सकाळी माझं घर आणि दुपारपासून तिचं घर असं माझं चालू होतं. तरी त्या वर्षी वाईन गाळून, रंग आणून झाल्यावर गोडीसाठी वरून घालायची साखर तिनं मी नसताना घातली. साखरेचा डबा आणि मिठाचा डबा शेजारी शेजारी, दोन्ही स्टीलचे, दोन्ही माझ्याच लग्नातल्या आहेराचे.

नाताळाच्या सकाळी तिनं पपाच्या हातात पेला दिला आणि समोर उभी राहिली. पपाचं कपाळ हललं नाही. ओठ हलले नाहीत. एका घोटात अर्धा पेला रिकामा करून तो म्हणाला, "यंदा झकास झालीय." मग मी प्याले. समुद्राचं पाणी परवडलं. पपानं माझ्याकडे असं बघितलं की मीही मस्त म्हटलं. माझा नवरा जेरोम पेला घेऊन बाहेर गेला आणि केळीच्या आळ्यात ओतून परत आला.

त्याच दुपारी आईनं आळीत घरोघर बाटल्या पाठवल्या. दुसऱ्या दिवशी पपा स्कूटर काढून त्याच घरांना फिरला. डिकीत दुकानातल्या वाईनच्या बाटल्या. प्रत्येक घरी आईची वाईन ओतून द्यायची, तीच बाटली विसळून तिच्यात दुकानातली भरायची आणि रेजिनला काही बोलू नका म्हणून हात जोडायचे. सत्तरी उलटलेला माणूस, गुडघे दुखत होते, तरी एक घर त्यानं सोडलं नाही. लोकही भले. चर्चच्या दारात, बाजारात, जी ती आईला थांबवून सांगायला लागली की रेजिन, यंदासारखी कधीच झाली नव्हती.

इतकं कौतुक आईचं आयुष्यात झालं नव्हतं. ती फुलून गेली आणि तिथेच आमचं चुकलं. आई एक दिवस एकटीच फादरांकडे गेली आणि नवस सुटेल का म्हणून विचारून आली. फादर म्हणाले, चाळीस वर्षं पाळलास, देव काही कसाई नाही. एखाद्या गरजू घराला महिन्याचं धान्य दे आणि मोकळी हो. आईनं धान्य पोचतं केलं आणि घरी येऊन जाहीर केलं की लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला मी माझी वाईन पिणार. सगळे म्हणतात इतकी चांगली झालीय, मग माझा नवस हिच्यावरच सुटू दे. एक बाटली तिनं आपल्या पलंगाखाली ठेवली आणि तिच्यावर ती रोज निजली.

रेमंडला सांगावं असं मला फार वाटत होतं. पण फोनवर आई शेजारी असायची आणि तो आल्यावर तर ती त्याला सोडायलाच तयार नव्हती. शिवाय पपानं बजावलं होतं, त्याला नको. ज्याच्यासाठी तिनं सोडली त्याला हे कळायला नको.

तर आता बाटली सुर्वेबाईंच्या हातात होती. यावर बॅच नंबर वगैरे काही दिसत नाही, ही दुकानातली आहे का, असं त्यांनी विचारलं. रेमंडनं मोबाइलवर कारखान्याची पावती दाखवली, बूच दाखवलं, मित्राचं नाव सांगितलं. बाई डळमळल्या. पावती खरी होती, बूचही पक्कं होतं. आणखी एक क्षण गेला असता तर त्यांनी बाटली परत ट्रेमध्ये ठेवली असती.

"घरी केलेली आहे," मी म्हटलं. "माझ्या आईनं केलीय."

रेमंड माझ्याकडे बघतच राहिला. आई हळूच वळली. सुर्वेबाई म्हणाल्या की मग जाऊ देता येणार नाही, आणि बाटली बाजूच्या टेबलाकडे नेऊ लागल्या. माझ्या छातीवरचा धोंडा हलला. तेवढ्यात पपा पुढे झाला. मला वाटलं, तो आईची समजूत काढायला येतोय.

"मॅडम, कारखान्यात भरलीय, कारखान्यात बंद केलीय," तो म्हणाला. "हवं तर तुमच्या साहेबांना दाखवा. पण काढून घेऊ नका."

साहेब आले. त्यांनी बूच बघितलं, पावती बघितली, मग आईकडे बघितलं. आई मोतिया रंगाची साडी नेसून, केसात सोनचाफा माळून, दोन्ही हातांनी पर्स धरून उभी होती. साहेबांनी मान हलवली आणि बाटली जहाजावर गेली. आई माझ्या अंगावरून पुढे जाताना थांबली.

"तुझ्या पोटात का दुखतं गं?" ती हळू आवाजात म्हणाली, आणि रेमंडचा हात धरून चालू लागली.

जहाज सुटलं तेव्हा रेमंड आईला घेऊन फोटो काढायला वरच्या डेकवर गेला. मी आणि पपा खाली सावलीत खुर्च्या टाकून बसलो. बाजूला पोहण्याच्या तलावात माणसं ओरडत होती, गाणी लागली होती. मला कशातच जीव नव्हता. आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता, त्याच्या आदल्या रात्रीही नाही. मी पपाला विचारलं की त्यानं असं का केलं. आपलं ठरलं होतं ना, बाटली काही करून आत जाऊ द्यायची नाही.

"तुझं ठरलं होतं," पपा म्हणाला.

मी चिडले. मग आळीतली सगळी घरं कशाला फिरलास, म्हटलं. रेमंड नाशिकला जायच्या आधी या बाटलीतही दुकानातली भरली असतीस तर कुणाला कळलं असतं? आईला आपली चव आता कुठे आठवतेय. ती आनंदानं प्याली असती आणि झोपली असती.

पपा समुद्राकडे बघत होता. त्याचे पाय सुजले होते, चपला काढून त्यानं ते खुर्चीच्या दांडीवर ठेवले होते.

"भरली होती," तो म्हणाला. "रेमू यायच्या आदल्या दिवशी ती चर्चला गेलेली तेव्हा भरली. मग ती ओतून दिली आणि तिचीच परत भरली. लोकांच्या तोंडाला मी काय वाट्टेल ते लावलं, आल्बी. पण ती चाळीस वर्षांनी पिणार. परक्याची वाईन तुझीच म्हणून तिला पाजू? ती मरेपर्यंत धरून बसेल की माझी चव अशी होती."

"खारट आहे ती, पपा."

"खारट आहे. पण तिची आहे." मग तो म्हणाला, "तोंडानं सांगायला मला धीर होत नाही. आणि रोज खोटं बोलायलाही आता होत नाही."

मीही चपला काढल्या आणि आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.

संध्याकाळी जेवणाच्या हॉलमध्ये रेमंडनं खिडकीजवळचं टेबल घेतलं होतं. चार खुर्च्या, मध्ये फुलं, पांढरे रुमाल. वेटरनं बाटली आणली, सफाईनं बूच काढलं आणि पेल्यात ओतायला वाकला. आईनं त्याला थांबवलं. आपली वाईन तिनं आजवर परक्याला वाढू दिली नव्हती. तिनं उभं राहून चारही पेले स्वतः भरले आणि बजावलं की मी प्यायच्या आधी कुणी हात लावायचा नाही. रेमंड म्हणाला, आज राणीचा हुकूम आहे.

आई बसली. तिनं क्रूस केला, डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं आणि पेला तोंडाला लावला.

आयुष्यात पहिल्यांदा आम्ही तिचा चेहरा बघत होतो. आधी कपाळ, मग ओठ, मग गळ्याची घाटी. मी टेबलाखाली रुमाल पिळत होते. पपाचे हात मांडीवर होते. आईच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटलं नाही. तिनं घोट गिळला, पेला खाली ठेवला आणि डोळे उघडून पपाकडे बघितलं. किती वेळ बघितलं कोण जाणे. मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

"कशी आहे, आई?" रेमंडनं विचारलं आणि आपला पेला उचलला.

आईनं त्याच्या पेल्यावर तळहात ठेवला. "तू नको."

"का गं?"

"तुझ्यासाठी सोडली होती. इतकी वर्षं. तुझ्या वाटची मीच पिणार."

रेमंडचे डोळे भरून आले. हसत हसत त्यानं पेला तिच्या हातात दिला आणि मोबाइल काढून चित्रण करायला लागला. आईनं आधी स्वतःचा पेला संपवला. मग रेमूच्या वाटचा उचलला आणि मोबाइलकडे बघत, न थांबता, तळापर्यंत प्याली. पदरानं ओठ टिपले.

"यंदा झकास झालीय," ती म्हणाली.

पपानं आपला पेला उचलला. मीही उचलला. खारट घोट घशाखाली जाताना मला रडू फुटेल असं वाटत होतं, पण आई माझ्यासमोर ताठ बसली होती, मग मीही ताठ बसले. रेमंड म्हणाला, निदान बाटलीतला एक घोट तरी मला दे. आई म्हणाली, नवस सुटताना उरलेली कुणी प्यायची नसते, ओतून टाकायची असते. तिनं वेटरला आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं की बाटली मोरीत रिकामी कर, धुऊन मला परत आणून दे. असली रीत आमच्यात कुठेही नाही. आईनं ती तिथल्या तिथे केली. रेमंड दोहाला राहून सगळं विसरलाय, त्यानं मान हलवली.

सकाळी मी डेकवर चहा घेऊन बसले होते. दूरवर गोव्याचा किनारा दिसत होता. आई येऊन शेजारी बसली. माझ्या कपातला घोटभर चहा तिनं आपल्या कपात ओतून घेतला, घरी घ्यायची तसा.

"मीठ होतं ना?"

मी हो म्हटलं.

"नाताळापासून?"

"हो."

आळीतल्या बाटल्यांचं तिनं विचारलं. मग मी तिला पपाची स्कूटर, डिकीतल्या बाटल्या, ते हात जोडणं, सगळं सांगून टाकलं. ती ऐकत राहिली. मध्येच तिला हसू आलं. "तरीच ती डॉमनिकची बायको म्हणत होती, रेजिनबाय, यंदा अगदी दुकानातल्यासारखी झालीय." आम्ही दोघीही हसलो आणि हसता हसता मी रडायला लागले. आईनं मला रडू दिलं.

"मी चेहरे बघते ना गं," ती म्हणाली. "नाताळापासून तुझा चेहरा दमलेला, त्यांचा चेहरा दमलेला. मला वाटायचं, माझं करून करून दमली माझी माणसं. आता मी मरावं म्हणजे यांना विसावा मिळेल, असंही मनात यायचं. खोटं बोलून दमलात होय रे देवा."

तिनं माझी लोकरी शाल नीट केली आणि काल बोलले ते मनात धरू नकोस म्हणाली. मग तिनं दोन गोष्टी सांगितल्या. रेमूला यातलं काही सांगायचं नाही, तो लांब राहतो, त्याला ती गोड लागू दे. आणि पुढच्या नाताळाला वाईन तू करायची, मी शेजारी बसेन.

"माझा नवस सुटलाय आता," ती म्हणाली. "चाखायला मी आहे."

त्यानंतर ती होती तोवर दरवर्षी मी वाईन केली आणि पहिला पेला तिच्या हातात दिला. एकदाही तिनं झकास म्हटलं नाही. पांचट आहे, घाई केलीस, साखर जळू दिली नाहीस, असंच काहीतरी. शेवटच्या नाताळाला ती मला ओळखतही नव्हती. तरी एक घोट घेऊन ती म्हणाली, कुणी केलीय ही, बाईला सांगा अजून आठ दिवस थांब.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. पपाही तिच्यामागून गेला. रेमंडनं ते चित्रण जपून ठेवलंय, नाताळाला मुलांना दाखवतो, ही बघा तुमची आजी, माझ्या वाटची वाईन कशी आवडीनं पितेय. मग मला फोन लावतो. मी तर थेंबही चाखला नाही, आल्बी, तू प्याली होतीस ना, कशी होती गं, असं दरवर्षी विचारतो.

"झकास," मी म्हणते. हे एक खोटं बोलून मात्र मी अजून दमले नाही.